डीनसाहेबांचे प्रगतिपुस्तक

डॉ. विश्वंभर कोठावळे यांना गेल्या नऊ वर्षांत संध्याकाळी साडेपाच वाजता घरी जाताना कोणीही पाहिले नव्हते, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या पीएच.डी.चाही नव्हता. पीएच.डी.चे काय, बडोद्याच्या फतेगंजात डोळे मिटून दगड भिरकावला तरी एखाद्या डॉक्टरेटवाल्याला लागतो. पण कुसुमावती विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत आठ वाजता एकच खिडकी उजेडाची असे, आणि ती डीनसाहेबांची असे.

त्या खिडकीमागे ते फायली वाचत. वाचून झालेल्या प्रत्येक फायलीवर हिरव्या शाईने 'प्लीज डिस्कस' असे लिहीत. दुसऱ्या दिवशी फाइलवाले चर्चेला येत, चर्चा होई, आणि चर्चेत काय ठरले याची नवी फाइल निघे. संस्था अशाच मोठ्या होतात.

त्यांचा दुसरा लौकिक ग्रेसचा होता. एका मार्काने नापास झालेल्या विद्यार्थ्याला, अर्जात योग्य कारण दिसल्यास, एक ग्रेस मार्क द्यायचा अधिकार डीनला असतो. हा अधिकार विश्वंभररावांनी नऊ वर्षांत दोनदा वापरला होता. त्यातला एकदा चुकून. अर्ज नाकारला गेल्यावर विद्यार्थी पुनर्तपासणी मागत, म्हणून त्यांनी दाराशेजारी मोठ्या अक्षरांत सूचना लावली होती : पुनर्तपासणीत गुण कमीही होऊ शकतात.

असे सगळे सुरळीत चालले असताना जुलैत कुलगुरू दिग्विजयसिंह उदेपूरला तळ्याकाठच्या हॉटेलात तीन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला जाऊन आले. माणूस तीर्थाला गेला की काहीतरी सोडून येतो. कुलगुरू काहीतरी घेऊन आले. त्यांनी शनिवारी चार वाजता सगळ्या डीनांची सभा बोलावली आणि काम व घर यांत समतोल राखणे किती महत्त्वाचे आहे, हे साडेआठपर्यंत समजावून सांगितले.

"जो डीन घरी सुखी नाही, तो खुर्चीत कार्यक्षम नाही," कुलगुरू म्हणाले. "उद्यापासून सगळे साडेपाचला घरी."

"उद्या रविवार आहे, सर," कोणीतरी म्हणाले.

"मग सोमवारपासून. उद्या फॉर्म वाचून काढा."

फॉर्म चौदा पानांचा होता. भाग अ, कार्यक्षमता, ऐंशी गुण. भाग ब, कौटुंबिक समतोल, वीस गुण. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे चाळीस टक्के हवेत. एकात जरी नापास, तरी मुदतवाढ नाही. विश्वंभररावांची मुदत दिवाळीला संपत होती. वाढ मिळाली असती तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे ते डीन म्हणून काढणार होते. न मिळाल्यास दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, चार प्राध्यापकांत एक कपाट असलेल्या खोलीत. शिवाय अकोटा भागातल्या त्यांच्या बंगलीवर 'डॉ. वि. मा. कोठावळे, डीन' अशी पितळी पाटी होती. तिच्यातला शेवटचा शब्द कानशीने घासून काढावा लागला असता, आणि पितळेवर घासल्याची खूण राहते.

भाग ब चे वीस गुण पती किंवा पत्नीने ऑक्टोबरात बंद लिफाफ्यात द्यायचे होते. हे ऐकून बाकीचे सहा डीन हसले. विश्वंभरराव हसले नाहीत, कारण बाकीच्यांच्या बायका शिक्षिका नव्हत्या.

मंदाताई मराठी शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वर्गात असलेल्या पोटच्या मुलीला, सानवीला, त्यांनी आठवीच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ दिले होते आणि त्या दिवशी घरी शिरा केला होता. शिरा आई म्हणून, नऊ बाई म्हणून.

"फक्त आकडा घालायचा आणि सही करायची," रविवारी पोहे खाता खाता विश्वंभरराव सहज म्हणाले.

"किती घालू?"

"ते मी कसं सांगणार? पण लोक अठरा-एकोणीस घालतायत म्हणे."

"पेपर न तपासता?"

"अगं, पेपर कुठला आलाय इथे! चौतीस वर्षांचा संसार आहे आपला."

"मग जुने पेपर काढू का तपासायला?"

विश्वंभररावांनी पोह्यांत लिंबू पिळले. जुने पेपर निघू नयेत एवढे त्यांना कळत होते.

सोमवारी साडेपाचला खालच्या दालनात अंगठ्याच्या यंत्रापुढे सात डीन रांगेत उभे राहिले. यंत्राने विश्वंभररावांचा अंगठा ओळखला नाही. एरवी त्यांच्या घरी जायच्या वेळी ते यंत्र कुलपात असे, त्यामुळे दोघांची ओळख व्हायचा प्रसंगच आला नव्हता. ओळख पटवण्यासाठी विभागप्रमुखाची सही लागते. विभागप्रमुख तेच होते. पण स्वतःच्या अंगठ्याला स्वतः प्रमाणित करता येत नाही, असे यंत्रविभागाचे म्हणणे पडले. हे मिटेपर्यंत त्यांनी पाहिले की पुढचे दोन डीन अंगठा लावून दाराबाहेर पडले, आणि इमारतीला वळसा घालून मागच्या जिन्याने पुन्हा वर गेले. विश्वंभररावांना तो मोह झाला नाही असे नाही. पण मागचा जिना अरुंद, आणि डीनपदाला एक शोभा असते.

सहाच्या सुमारास ते घरी पोचले. दिवाणखान्यातली खुर्च्या-टेबले भिंतीला लागलेली. मध्ये पाच बायका. त्यांतल्या अहल्याताई (या मागच्या गल्लीतल्या, एरवी अत्यंत सोज्ज्वळ) नाकाखाली काळी मिशी चिकटवून, काठी टेकत उभ्या होत्या.

मंदाताईंनी येऊन आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. "बरं नाही का वाटत?"

"बरा आहे. आजपासून मी घराला वेळ देणार."

"कोणाला?"

"म्हणजे... तुला."

"मला सातपर्यंत वेळ नाही," मंदाताई म्हणाल्या. "तालीम आहे."

"कसली तालीम?"

"एकांकिका स्पर्धेची. आमचं मंडळ दरवर्षी उतरतं. चार वर्षं झाली, इथेच तालीम होते."

चार वर्षे! स्वतःच्या दिवाणखान्यात चार वर्षे नाट्यचळवळ चालली होती आणि कार्यालयप्रमुखाला त्याची प्रतसुद्धा नव्हती. "तुम्ही जरा तिथून सरका," अहल्याताई मिशीतून म्हणाल्या. "तिथे माझा मृत्यू होतो." विश्वंभरराव स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तिथे खिडकीतून त्यांना रमणीकभाई दिसले. शेजारचे रमणीकभाई रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून आपल्या अंगणातल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून सोसायटीला सल्ला देत. बडोद्यात जन्म गेल्यामुळे ते मराठी उत्तम समजत आणि गुजरातीत उत्तर देत.

"आज वहेला आव्या, साहेब?"

विश्वंभररावांनी लवकर येण्यामागची सगळी हकीकत सांगितली. रमणीकभाईंनी हिंचका थांबवला. ते हिंचका थांबवतात तेव्हा विषय गंभीर असतो.

"घरे बेसवुं बहु अघरुं काम छे," ते म्हणाले. घरी बसायला सराव लागतो. त्यांना स्वतःला दोन वर्षे लागली होती आणि मधल्या काळात त्यांच्या पत्नीने त्यांना तीनदा सुरतेला, भावाकडे, पाठवले होते. "एक ज रस्तो, साहेब. चा शीखो. चा बनावे एने कोई घरमांथी काढे नहीं."

चहा करणाऱ्याला कोणी घरातून काढत नाही. विद्यापीठाच्या कोणत्याही परिपत्रकात एवढा शहाणपणा विश्वंभररावांनी वाचला नव्हता. रमणीकभाईंनी अंगणातली गवती चहाची जुडी कापून कुंपणावरून दिली, आणि त्या दिवसापासून डीनसाहेब रोज सहा वाजता सहा कप चहा करू लागले.

सहा कप चहा म्हणजे सहा मते. एकीला बिनसाखरेचा, एकीला आले चालते पण गवती चहा नाही, एकीला उलट, अहल्याताईंना मिशी भिजू नये म्हणून अर्धाच कप. तिसऱ्या दिवशी त्यांनी यावर वही घातली. डावीकडे नाव, मग प्रकार, मग 'चहा मिळाला' आणि सहीचा रकाना. बायका हसत हसत सह्या करीत. वही फाइलला लागली. पुरावा म्हणून पान क्रमांक घातले गेले.

फॉर्मात छंदाचाही पुरावा मागितला होता. विश्वंभररावांनी मेव्हण्याची दुर्बीण मागून घेतली, एका सकाळी विश्वामित्री नदीच्या काठी उभे राहून स्वतःचा फोटो काढला, आणि 'पक्षी निरीक्षण : पाणकावळा' असे लिहून पाठवला. अर्ध्या तासात कुलगुरूंचा फोन आला.

"कोठावळे, तुमच्या पाणकावळ्याच्या मागे मगर आहे."

होती खरी. जन्माने बडोदेकर असलेल्या माणसाला विश्वामित्रीतली मगर दिसत नाही, जशी भिंतीवरची पाल दिसत नाही. पण कुलगुरू बाहेरगावचे. दुपारपर्यंत पत्र आले : छंद सुरक्षित ठिकाणी जोपासावा आणि छंदजन्य जोखमीचा तपशील तीन प्रतींत द्यावा. विश्वंभररावांनी तो छंद तिथेच सोडला. पाणकावळ्यालाही त्याचे फारसे वाईट वाटले नसावे.

इतके सारे सोसूनही, रोज रात्री जेवताना ते मंदाताईंच्या चेहऱ्यावर आपले गुण वाचायचा प्रयत्न करीत. एकतीस वर्षे पर्यवेक्षण केलेल्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही.

"किती झाले असतील अंदाजे?" एकदा त्यांनी विचारलेच.

"निकाल लागायच्या आधी विचारणाऱ्यांना तुम्ही काय करता?"

ते केबिनबाहेर घालवून देत असत. विश्वंभरराव ताट घेऊन उठले.

सप्टेंबरात कार्यालयाचा सहामाही तक्ता आला आणि दुसऱ्या बाजूने घाव बसला. डीन कार्यालयात पडून असलेल्या फायली जुलैत तीनशे बारा होत्या; आता अकरा होत्या. विश्वंभररावांना वाटले, टंकलेखनाची चूक. त्यांनी कार्यालयाचे अधीक्षक धनाजीराव यांना बोलावले.

"हे कसं झालं?"

धनाजीराव मूळचे साताऱ्याचे, पंचवीस वर्षे बडोद्यात, आणि स्तुती करताना जपून न बोलणारे. "साहेब, सगळी तुमची कृपा. तुम्ही साडेपाचला जाता, मग फाइलवर डिस्कस लिहायला टाइमच उरत नाही. नुसती सही होते. सही झाली की फाइल जाते!"

"आणि चर्चा?"

"कुणी आठवणच काढत नाही, साहेब," धनाजीराव समाधानाने म्हणाले.

त्या दिवशी विश्वंभरराव कमाटीबागेतल्या बाकावर दहा मिनिटे बसून मग घरी गेले. ऑफिस त्यांच्यावाचून चालत होते. घर तर त्यांच्यावाचून नाटके बसवीत होते. माणसाने समतोल साधायचा तो दोन पारड्यांत. दोन्ही पारडी 'तुम्ही जरा सरका' म्हणू लागली तर मधल्या काट्याने जायचे कुठे? पण सहा वाजत आले होते आणि गवती चहा उकळायला वेळ लागतो, म्हणून ते उठले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचे परिपत्रक आले. दोन सदस्यांची समिती प्रत्येक डीनच्या घरी येऊन समतोलाची प्रत्यक्ष पाहणी करील आणि लिफाफा समक्ष उघडला जाईल.

समिती! हा शब्द ऐकताच विश्वंभररावांच्या अंगात पूर्वीचे बळ संचारले. मूल्यांकन समित्या त्यांनी आयुष्यात चार परतवल्या होत्या. समिती कशाने प्रसन्न होते, हे विद्यापीठातला माणूस आईच्या पोटातून शिकून येतो : चुना, फलक आणि कुंड्या.

"कमिटी आवे तो कूंडां तो जोईए ज," रमणीकभाईंनीही हिंचका थांबवून दुजोरा दिला.

दोन दिवसांत कुंपणाला चुना लागला. नर्सरीतून भाड्याने तीस कुंड्या आल्या. कॅरमबोर्ड मांडला गेला आणि खेळ अर्ध्यात असल्यासारख्या सोंगट्या पसरल्या गेल्या. फाटकावर 'सुस्वागतम्'. फायलीत चहाची वही, आणि 'कौटुंबिक सभांचे इतिवृत्त' नावाची नवी वही : विषय, पडवळ आणावे की कसे. उपस्थिती दोन. गणपूर्ती झाली. ठराव बहुमताने संमत.

"दोघांत बहुमत?" मंदाताईंनी ती वही चाळून विचारले.

"तुझं एक मत आणि..."

"आणि ही कुंडी उचला. माझ्या रंगमंचाच्या मधोमध आली आहे."

गुरुवारी सहाला समिती आली. निवृत्त कुलसचिव दिनकरराव, ज्यांना विद्यापीठाचे सगळे नियम कलमांसकट पाठ होते, आणि कर्मचारी विभागाच्या प्रमुख निरुपमाबेन. समतोल तपासत त्या आठवड्यातले हे त्यांचे पाचवे घर. निरुपमाबेन फाटकातच फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "ना, आजे पण साडा आठ थशे. तमे खिचडी मूकी दो." आजही साडेआठ होणार होते; खिचडी घरच्यांनीच टाकायची होती.

पाहुण्यांनी कुंड्यांकडे पाहिले. प्रत्येक कुंडीवर नर्सरीची चिठ्ठी तशीच होती. पाहुण्यांनी चिठ्ठ्यांकडेही पाहिले आणि ते आत गेले. त्यांनीही आयुष्यात समित्यांसाठी कुंड्या आणल्या होत्या.

आत तालीम रंगात आली होती. अहल्याताई मरत होत्या, मृत्युपत्रावर सही होत होती.

"थांबा," दारातूनच दिनकररावांचा आवाज आला. "साक्षीदार किती आहेत?"

"एक," मंदाताई म्हणाल्या.

"दोन लागतात. हे मृत्युपत्र टिकणार नाही."

तालीम थांबली. तीन महिन्यांच्या तालमीत हा मुद्दा कोणी काढला नव्हता. मंदाताईंनी वहीत टाचण केले, आणि दिनकररावांना बसायला सगळ्यांत चांगली खुर्ची मिळाली. चहा आला. निरुपमाबेनना बिनसाखरेचा, दिनकररावांना आल्याचा. न विचारता, कारण विश्वंभररावांनी धनाजीरावांमार्फत आधीच चौकशी करून ठेवली होती. पाहणी उत्तम चालली होती. मग लिफाफा फुटला.

निरुपमाबेननी कागद वाचला, उलटा करून पाहिला, आणि दिनकररावांना दिला. दिनकररावांनी चष्मा पुसला.

"वीसपैकी सात," ते म्हणाले.

उत्तीर्ण व्हायला आठ लागत होते.

"सात?" विश्वंभररावांचा आवाज चिरकला. "अगं, तीन महिने! रोज सहा कप! सह्या आहेत माझ्याकडे!"

"चहाचे पाच दिले आहेत पाचपैकी," मंदाताई शांतपणे म्हणाल्या. "साडेपाचला येण्याचे दोन. बाकीच्या प्रश्नांना तुम्ही हात लावलेला नाही."

"कुठले बाकीचे?"

"नाटक कशावर आहे आमचं?"

विश्वंभररावांनी तोंड उघडले. मृत्यू होतो, हे त्यांना माहीत होते. कोणाचा तेही. पुढे?

"तीन महिने शेजारच्या खोलीत होतात," मंदाताई म्हणाल्या.

"मला पुनर्तपासणी हवी!"

"मागा. पण पुनर्तपासणीत गुण कमीही होऊ शकतात. तुमच्याच दाराशी लावलंय ना?"

पाच बायका, एक समिती आणि खिडकीतून रमणीकभाई, सगळे पाहत होते. विश्वंभररावांच्या डोळ्यांपुढे पितळी पाटी आली आणि तिच्यावर कानस चालू लागली. पण खरे सांगायचे तर पाटीपेक्षा तो सात त्यांना अधिक लागला, कारण बेरीज बरोबर होती.

दिनकरराव खाकरले. "एका गुणाने अनुत्तीर्ण उमेदवारास अर्ज केल्यास निकाल देणारा अधिकारी एक ग्रेस गुण देऊ शकतो. अर्जात योग्य कारण हवं. भाग ब ला हा नियम लागू होत नाही असं कुठेही म्हटलेलं नाही."

निरुपमाबेननी कोरा कागद पुढे केला. विश्वंभररावांनी हिरवे पेन काढले. 'सौ. मंदा कोठावळे यांस' इथपर्यंत ठीक गेले. 'कारण' या शब्दापुढे पेन थांबले. नऊ वर्षांत त्यांनी शेकडो कारणे वाचली होती : कावीळ, आजीचे निधन, भावाचे लग्न, बस चुकली. एकही त्यांनी खरे मानले नव्हते. आता एखादे चांगलेसे कारण आठवावे तर सगळी इतरांची वापरून झालेली. मग त्यांनी एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद बायकोपुढे धरला.

मंदाताईंनी वाचला. पुन्हा एकदा वाचला. अहल्याताईंनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिले, आणि त्यांची मिशी एका बाजूने सुटली.

कारणापुढे लिहिले होते : 'अभ्यास उशिरा सुरू केला.'

मंदाताईंनी पदराने चष्मा पुसला, सातावर काट मारून आठ केला आणि खाडाखोडीच्या दोन्ही बाजूंना, नियमाप्रमाणे, छोटी सही केली. "ग्रेस एकदाच मिळते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सगळे प्रश्न सोडवायचे."

"आणि आम्हाला दुसरा साक्षीदार हवाय," अहल्याताई मिशी दाबत म्हणाल्या. "बोलायचं काही नाही. उभं राहायचं, ऐकायचं आणि सही करायची."

विश्वंभररावांना रंगमंचावर, कुंडी होती तिथे, उभे केले गेले. समिती उठायला हवी होती. पण दिनकररावांना दुसरी सही पाहायची होती आणि निरुपमाबेनना दुसरा कप हवा होता. खिडकीबाहेर रमणीकभाई कुंपणावर कोपरे टेकून राहिले. मृत्युपत्र वाचले गेले आणि विश्वंभररावांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. एका म्हाताऱ्याने सगळे कष्ट करून घर उभारलेले असते, आणि ते कोणाकोणाला वाटायचे हे लिहिताना त्याला घरातल्यांना काय आवडते तेच आठवत नसते. नाटक बरे होते. लिहिले कोणी, असे त्यांनी हळूच विचारले, तेव्हा सगळ्या बायकांनी मंदाताईंकडे पाहिले.

मग अहल्याताई मरता मरता कागद पुढे करून म्हणाल्या, "साक्षीदार दुसरे, या."

विश्वंभरराव पुढे झाले. कागद टेबलावर ठेवला, हिरव्या पेनाचे टोपण काढले, आणि नऊ वर्षांच्या सवयीने त्यांचा हात कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. जिथे 'प्लीज डिस्कस' लिहायचे असते तिथे.

मंदाताई नुसत्या खाकरल्या.

हात खाली आला. विश्वंभररावांनी निमूटपणे सही केली, आणि अहल्याताई समाधानाने मेल्या.